धक्क्यावरच्या टाळ्या

ऑफिसात तिला सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे; पण राष्ट्रीय ध्वनी-चित्र संग्रहालयाच्या त्या इमारतीत खोल्या पाडल्या होत्या प्लायवूड ठोकून, त्यामुळे ते तिच्या कानावर केव्हाच आलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे. "नाकावर राग घेऊनच जन्मले," म्हणायची, "आता काय नाक कापून टाकू?"

तिचं काम जुन्या टेपा दुरुस्त करायचं. तुटलेली फीत जोडायची, बुरशी पुसायची, आवाज नव्या यंत्रावर उतरवून घ्यायचा. देशाचा अर्धा इतिहास तिच्या बोटांखालून गेला होता, आणि त्यातला बराचसा खोकत होता. मोठमोठी माणसं भाषणाआधी घसा खाकरायची. तेवढं कापून टाका, असं वरून यायचं. ती कापत नसे. "खोकले असतील तर खोकले," म्हणायची, आणि जेवायला निघून जायची.

घरी ती आणि तिची आई, दोघीच. आई अबोल. मुलगी जरा चढ्या सुरात बोलली की आईचं एकच ठरलेलं, "आवाज खाली." लहानपणापासून ते ऐकून ऐकून मुलीचे कान किटले होते.

एका सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर नव्या बंदराच्या उद्घाटनाची जुनी फिल्म लागली. देशाच्या प्रगतीचा विषय निघाला की ही फिल्म ठेवलेलीच. धक्क्यावर शेकडो माणसं, वर उचललेले हात, टाळ्यांचा कडकडाट, आणि निवेदकाचा भरदार आवाज: आनंदाने बेभान झालेली स्थानिक जनता! आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "टाळ्या कुठून आणल्या मेल्यांनी?"

"म्हणजे?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तू होतीस तिथे?"

"आमची घरं होती तिथे," आई म्हणाली. "आणि आवाज खाली."

त्यापुढे तिने तोंडाला जे कुलूप घातलं, ते घातलंच. पण मुलीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्या काळातल्या कॅमेऱ्यात नुसतं चित्र यायचं. आवाज वेगळ्या यंत्रावर घ्यावा लागायचा. म्हणजे त्या दिवशीची टेप कुठेतरी असणार. जाळली नसेल तर.

जाळली नव्हती. मागच्या खोलीत, आंबलेल्या फिल्मचा व्हिनेगरसारखा वास नाकात जातो तिथे, सगळ्यात खालच्या फळीवर एका डब्यावर लिहिलं होतं: बंदर, निरुपयोगी. टेप आतल्या आत चिकटून बसली होती. तिने ती मंद आचेच्या कपाटात ठेवून सुकवली, मग यंत्रावर चढवली आणि शेजारच्या पडद्यावर ती फिल्म लावली. दोन्हींचा मेळ बसवायला खूण सापडली जहाजाच्या भोंग्याची. चित्रात भोंग्यातून पांढरी वाफ उडते आणि टेपवर भोंगा वाजतो, तो क्षण तिने जुळवला.

ओठ आणि शब्द एकदम जुळले.

"घरं आधी, बंदर मग! घरं आधी, बंदर मग!"

वर गेलेले हात म्हणजे मुठी होत्या. एकदा कळल्यावर त्या मुठी आपल्याला आजवर दिसल्या कशा नाहीत, याचाच तिला संताप आला. मायक्रोफोनच्या अगदी जवळ एक पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "फीत काय कापतोस! ये, आधी आमच्या चुली विझवून दाखव!" मग काठ्यांचा आवाज. रडारड. त्यात टेप घेणारा माणूस कुणालातरी विचारतो, "साहेब, बंद करू?" आणि एक शांत, सुशिक्षित आवाज उत्तर देतो, "राहू दे. टाळ्या नंतर घालता येतील."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेप थांबवून ती तडक वर, संचालकांच्या खोलीत.

संचालक गृहस्थ गोड बोलणारे. 'देशाचा आवाज' नावाचं मोठं प्रदर्शन त्यांनी काढलं होतं आणि बंदराची फिल्म त्यात मधोमध बसणार होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"ध्वनीचा दर्जा फार वाईट आहे हो."

"साहेब, मार खाताना माणूस दर्जेदार ओरडत नाही."

"तसं नाही. लोक प्रदर्शनाला येतात ते अभिमान वाटावा म्हणून. आणि ती टेप आपल्या सूचीत आहे का? नाही ना? मग आपल्या लेखी ती नाहीच."

"नाही?" ती म्हणाली. "बरं!"

दार तिने असं आपटलं की जिन्यातला चहावाला थबकला. खाली येऊन तिने ती टेप सूचीत चढवली, त्यातल्या शिव्यांसकट. सूचीतली कुठलीही गोष्ट कुठल्याही नागरिकाला ऐकायला मागता येते, हा संग्रहालयाचाच नियम. संचालकांनीच तो फ्रेम करून दाराशी लावला होता.

घरी आईशी कडाक्याचं भांडण झालं. "मेलेलं उकरू नकोस," आई म्हणाली. "मेलेलं नाही, कोंडून ठेवलंय!" मुलगी ओरडली. दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. आणि मग एका सकाळी आई संग्रहालयाच्या श्रवणकक्षात हजर, टेप ऐकायला. बरोबर जुन्या वस्तीतली सात-आठ म्हातारी माणसं, त्यात होड्या बांधणारा काका, आईचा बालपणीचा शेजारी.

टेप सुरू झाली. ती पोरगी ओरडायला लागली तशी आईने हेडफोन काढून हातात धरला.

"ही कोण गं? भलतीच तोंडाळ."

काका खो खो हसला. "तूच की! अख्ख्या धक्क्यावर एवढं तोंड होतं कुणाचं?"

मुलीचा बांध फुटला. "आणि मला जन्मभर आवाज खाली, आवाज खाली? ही तू होतीस, आणि मला हे कधी दाखवलंसुद्धा नाहीस?"

"भावाला आत टाकलं होतं माझ्या," आई म्हणाली. "उजवा हात मोडून परत पाठवला. म्हणाले, आणखी एक शब्द, की नव्या चाळीत खोली नाही. मग गप्प बसले. आधी भीतीने, नंतर सवयीने." तिने हेडफोन टेबलावर ठेवला. "माझ्यावर काय ओरडतेस? ज्यांनी टाळ्या घातल्या त्यांच्यावर ओरड."

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला दालन गच्च भरलं होतं. पाहुणे, फुलं, छायाचित्रकार. भल्यामोठ्या पडद्यावर बंदर आलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मागच्या रांगेतून आई उठून उभी राहिली.

"घरं आधी, बंदर मग!"

म्हातारा, फाटका आवाज. पण दालन घुमलं. काका उठला, मग बाकीची उठली. टाळ्यांच्या वरताण त्यांचा आवाज चढला, आणि पडद्यावरची तरुण माणसं त्याच शब्दांना ओठ हलवताना सगळ्यांना दिसली. पुढच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "अरे, ते हेच म्हणतायत!" संचालकांचा चेहरा पांढराफटक पडला. पहारेकरी धावले, त्यांनी काकाचा दंड धरला तशी मुलगी मध्ये पडली आणि त्या पहारेकऱ्याला असं काही बोलली की पुढे त्याबद्दल तिला लेखी खुलासा द्यावा लागला. तिने दिला. त्यात माफीचा शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी तांत्रिक कारणास्तव बंदराची फिल्म प्रदर्शनातून काढून घेतली गेली. चूक कुणी कबूल केली नाही, टाळ्या कुणी घातल्या हे कुणी विचारलंही नाही. टीव्हीवर ती अजूनही तशीच लागते, आणि लागली की आई टीव्हीच्या कार्यालयाला फोन करून यथास्थित झापते. पण सूचीतून टेप काढायची कुणाची छाती झाली नाही. ती ऐकायला माणसं येत राहिली.

तोफेची बदली झाली छायाचित्र विभागात. तिथे आवाजच नाही, म्हणजे शांत बसेल, असा वरच्यांचा हिशेब. पहिल्याच आठवड्यात तिच्या हाती एक जुना फोटो आला: कारखान्याच्या फाटकाशी जमाव, सगळ्यांची तोंडं उघडी. खाली लिहिलेलं, 'बोनस मिळाल्याने हर्षभरित कामगार'. तिने तो उजेडात धरला आणि एकेक तोंड न्याहाळलं. दातओठ खात ती उठली, लांबलचक व्हरांडा पार करून जुन्या खात्यात गेली आणि तिथल्या नव्या माणसापुढे तो फोटो आपटला.

"ह्या दिवसाची टेप शोध. निरुपयोगी लिहिलेल्या डब्यांपासून सुरुवात कर."