लॅव्हेंडर, अंबर आणि बदलापूरची हवा

माझं नाक तिखट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग दूध नासलंय का, तूप करपतंय का, एवढ्यापुरताच. त्याचं कौतुक पहिल्यांदा केलं ते एका परक्या बाईने, उल्हासनगरच्या कॅम्पात.

मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी मला घरी बसू दिलं नाही. ते बदलापूरला, कुळगावच्या शाळेत हेडमास्तर. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं उल्हासनगरला लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये राहत होती. तिथल्या बायकांना मराठी लिहाय-वाचायला शिकवणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून मी जाऊ लागले. माझ्या वर्गात ज्या वयाने सगळ्यांत मोठ्या होत्या त्यांना सगळ्या अम्मा म्हणत, मीही म्हणू लागले. पन्नाशी उलटलेली, पांढऱ्या कपड्यातली विधवा बाई. सासऱ्यांचं सिंधमध्ये अत्तराचं दुकान होतं. ते गेलं, घर गेलं. येताना त्यांनी एक तांब्याचं पातेलं आणलं आणि तीन पिढ्यांची एक कृती, तोंडपाठ.

एका दुपारी धडा संपल्यावर त्यांनी माझ्या मनगटाला कापसाचा फाया लावला. ‘‘बोल बेटी, क्या लगता है?’’

मी हुंगलं. ‘‘आधी गार वाटतं, साहेब लोकांच्या साबणासारखं. मग ट्रंकेतून काढलेल्या शालीसारखं. आणि अगदी खाली कुठंतरी धूप आहे.’’

अम्मा माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘‘सगळे वरचं सुंघतात. तू नीचे तक गई!’’

वरचं गार म्हणजे लॅव्हेंडर. त्याचं तेल त्या मुंबईहून मागवीत. खालची ऊब अंबराची, म्हणजे राळ, लोबान आणि आणखी दोन-तीन गोड जिन्नस मंद आचेवर एकजीव केलेले. दारूबंदीचे दिवस, स्पिरिट मिळवायचं तर परवाना हवा. म्हणून सगळं तेलातच.

‘‘हे बायकांचं की पुरुषांचं?’’ मी विचारलं.

‘‘चंदनाला कोणी विचारतं का असं?’’ अम्मा म्हणाल्या.

त्यांना ते बाजारात आणायचं होतं. पण त्यांच्या सासऱ्यांचा नियम होता, सुंघणाऱ्याचं ऐकायचं नाही, दिवसभर लावून वावरणाऱ्याचं ऐकायचं. इथली माणसं मराठी बोलणारी. म्हणून एक बाटली माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, ‘‘तू विचार. जे बोलतील तेच लिहून आण. मीठ-साखर लावू नकोस.’’

मी तीन घरं धरली. आमचं, शेजारच्यांचं आणि सोनिवलीचे शेतकरी काका-काकू, जे आमच्याकडे तांदूळ घेऊन येत. शेजारी अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते. वडिलांनी मात्र हात मागे घेतला. ‘‘अत्तरं शौकिनांनी लावावीत. मास्तरानं नाही.’’

दोन दिवसांत वही भरली आणि माझं तोंड उतरलं. आई म्हणाली, ‘‘सकाळी छान होतं गं, पण दुपारी चुलीपुढे काकवी अंगावर सांडल्यासारखं वाटलं.’’ शेजारी म्हणाले, ‘‘दहा वाजता रुबाब होता, दोन वाजता माशी मागे लागली.’’ सोनिवलीच्या काकूंनी तर आंघोळ करून धुऊन टाकलं.

हे अम्मांना कसं सांगायचं? पण सांगितलं, जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा लाल झाला. ‘‘तीन पिढ्यांत कुणी असं बोललं नाही!’’

‘‘अम्मा, तुमच्याकडे सिंधमध्ये घाम येतो तो सुकतो,’’ मी भीत भीत म्हटलं. ‘‘आमच्याकडे तो सुकतच नाही. गोड तिथंच बसून राहतं.’’

त्या उठून पातेलं घासायला लागल्या. बराच वेळ घासत होत्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘‘अंबर काढलं तर जान निघून जाईल.’’

‘‘अंबर नका काढू. गोडी कमी करा. आणि आई उन्हाळ्यात माठात वाळा टाकते, त्याचा वास कोरडा असतो. तो घालून बघा ना.’’

पुढच्या वेळी जाताना मी वाळ्याची जुडी घेऊन गेले. अम्मांनी सहा वेळा मिश्रण केलं, सहाही वेळा माझ्या मनगटावर लावलं आणि पाच वेळा मी नाही म्हणून मान हलवली. सहाव्याला आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

मी पुन्हा वही घेऊन फिरले. आईने सांगितलं, ‘‘संध्याकाळी पदर नाकाशी आला आणि मला उगाच माहेरची आठवण आली.’’ शेजारी म्हणाले, ‘‘मशीनच्या तेलाचा वास अंगावरून उतरल्यासारखा वाटला. पोरगी मांडीवर येऊन बसली.’’ सोनिवलीचे काका म्हणाले, ‘‘माना तं देवलान बसल्यावानी वाटला गो बाय.’’ काकू म्हणाल्या, ‘‘आज मी कुणाचा आयकून घेतला नाय!’’

त्या रात्री वडिलांनी वही मागितली. सगळं वाचलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि सकाळी शाळेला निघताना मनगट पुढे केलं. ‘‘लाव.’’ संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘मुलांनी विचारले, सर, आज तुमच्या घरी काही कार्य आहे का?’

ती वही घेऊन आम्ही उल्हासनगरच्या बाजारात एका दुकानदाराकडे गेलो. त्यांनी हुंगून मान डोलावली, पण म्हणाले, ‘‘दोन लेबलं करा. गुलाबी बायकांना, निळं पुरुषांना. नाहीतर गिऱ्हाईक गोंधळेल.’’

अम्मांनी मला खुणावलं. मी नावं आणि ओळख पटेल असे शब्द गाळून एकेक ओळ वाचली आणि विचारलं, ‘‘सांगा शेठ, यातलं बाईचं कुठलं आणि पुरुषाचं कुठलं?’’ मांडीवर बसलेली पोरगी त्यांना आईची वाटली. ‘ऐकून घेतलं नाही’ हे त्यांनी पुरुषाचं ठरवलं. खरं कळल्यावर ते हसत सुटले. ‘‘ठीक आहे, लेबल एकच. पण नुस्खा कुणाचा?’’

‘‘आधा सिंध का, आधा बदलापूर का,’’ अम्मा म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. शाळेत मला बक्षिसं मिळाली होती, पण इतकी ताठ मान माझी कधी झाली नव्हती.

त्याच वर्षी सोनिवलीच्या काकांच्या मुलीचं लग्न निघालं आणि त्यांनी अम्मांना अगत्याचं बोलावणं केलं. मांडवाच्या दाराशी अम्मा फाये घेऊन बसल्या. पागोटेवाले म्हातारे, नऊवारीतल्या बायका, नवरदेवाचे मित्र, सगळे रांगेने हात पुढे करत होते. कॅम्पातल्या लोकांना तेव्हा सगळे निर्वासितच म्हणत. एका पाहुण्याने मला विचारलं, ‘‘ही बाई कोन?’’ मी तोंड उघडायच्या आत वधूची आई, म्हणजे काकूच ठणकावून म्हणाल्या, ‘‘आमची अत्तरवाली अम्मा हाय ती. हात दे पुढं.’’