बर्फातला पाहुणचार

सुगतनं आपल्याला न विचारता आरतीला मोहिमेवर नेलं, हे अंकुरला फोटोवरून कळलं. हिमाचलातल्या एका टिनाच्या निवाऱ्याच्या दारात दोघं खळखळून हसत होती.

शेंदूरजनाघाटच्या मंडीत सुगत संत्री छाटतो. मोठा माल वेगळा, बारका वेगळा. सुट्टी मिळाली की चिखलदऱ्याचे कडे. तिथं इतकी वर्षं अंकुरच त्याचा दोरावरचा जोडीदार होता. बार्शीटाकळीची आरती नंतर आली. तिला पहिली गाठ अंकुरनंच शिकवली.

डिसेंबरात तो अमरावतीहून मुद्दाम मंडीत आला. मे महिन्यातल्या पुढच्या मोहिमेत दोराचं दुसरं टोक त्याला परत हवं होतं.

"बस बे," सुगत म्हणाला. "काहून तोंड पाडून राहिला?"

"सांग ना तुह्या शिखराचं."

"झालंच नाई थे."

अंकुरला आतून बरं वाटलं. त्यानं चेहरा सरळ ठेवला.

सुगत छाटता छाटता सांगू लागला. त्या निवाऱ्याला राखणदार नाही, कुलूप नाही. आत झोपायच्या फळ्या आणि एक झाडू. दोर लावून कडा चढणाराच तिथवर पोचतो. शिधा, गॅस, सगळं आपलं आपण न्यायचं. पाणीसुद्धा बर्फ वितळवून. हे दोघं जरा टेकतात तोच दोन बंगाली गारठून आले. मागून आणखी तिघं.

"मंग?"

"मंग काय? मानूस दारात आला तं त्याले बस मनत नाई का आपन? चहा टाकला."

"साऱ्यायले?"

"दोन-दोन खेपा. थे लाजून राहिले होते. म्या मनलं, घ्या हो, घरचाच हाय."

घरचाच! शिखराकडे निघायच्या पहाटे गॅस फुसफुसला आणि विझला. बाहेर डोंगरभर बर्फ, प्यायला घोटभर पाणी नाही.

"त्या बंगाल्यायनं देला नाई गॅस?"

"देत होते ना. पन पाहुन्याचा घेतेत का बे?"

अंकुर पोट धरून हसला. कित्येक दिवसांनी त्याला हलकं वाटलं. आरती नक्की भडकली असणार.

"आरती काय मने?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"थे काय मनते? दुसऱ्या खेपेचं पातेलं तिनंच ठेवलं. मायी साखर सरली, तं तिनं आपली टाकली."

अंकुरचं हसणं थांबलं. टिनाखालची वाफ त्याला दिसली, आणि त्या वाफेमागचे दोन चेहरे. आपण असतो तर गॅस जपून वापरला असता. आलेल्यांना नुसती जागा करून दिली असती. तसा हसरा फोटो मात्र कुणी काढला नसता.

"मी असतो तं आपन वर गेलो असतो," तो म्हणाला.

"हाव. गेलोच असतो." सुगतनं लगेच कबूल केलं.

"मंग मेमध्ये?"

सुगतनं एक संत्रं हातात फिरवलं आणि बारक्या ढिगात टाकलं.

"मेमध्ये आरती येते मनली. थोच निवारा. तू बी ये ना, लेका. चहा आमी पाजू तुले."

तो मनापासून बोलत होता. तेच अंकुरला सोसलं नाही.

"पाहतो," म्हणत तो उठला. त्या निवाऱ्यात त्याला पाहुणा म्हणून जायचं नव्हतं.