जुन्या पायथनचा आधार काढला तेव्हा

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी सांगतो, त्यात लाजायचं काय. पहिली नोकरी चाकणला, एका लहान कारखान्यात. तिथं ब्रेकचे पाइप बनतात, आणि प्रत्येक पाइपात हवा भरून तो गळतो का ते एक मशीन तपासतं. त्या मशीनचे आकडे कॉम्प्युटरवर उतरवून घेणारा प्रोग्रॅम मी पायथन या भाषेत लिहिला आणि मालकांना विचारून इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढं परदेशातले लोकही तो वापरायला लागले. आता आम्ही तिघं तो सांभाळतो. बाकी दोघांना मी कधी भेटलेलो नाही.

अशा भाषांच्याही आवृत्त्या निघतात. जुना पायथन तो बनवणाऱ्यांनीच कधीचा सोडून दिला होता. आम्ही धरून बसलो होतो, म्हणजे मी धरून बसलो होतो. प्रत्येक दुरुस्ती दोनदा लिहायची, एकदा नव्यासाठी, एकदा जुन्यासाठी. शेवटी त्या दोघांनी सरळ विचारलं, जुन्याचा आधार काढायचा का, म्हणजे त्याच्यासाठी लिहिणं बंद करायचं का. तिघांचा होकार लागतो असा आमचा नियम. दोघांचा आला होता.

मी अडलो होतो त्या चाकणच्या मशीनपाशी. मी नोकरी बदलली तरी त्याचे आकडे अजून माझाच प्रोग्रॅम उतरवून घेतो. तिथला कॉम्प्युटर जुना, त्यावर नवा पायथन चालत नाही. बदलायचा म्हटलं तर तेही नाही. आपल्याकडं माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं एकदा लाइन मंजूर केली की तिच्या परवानगीशिवाय टेबलसुद्धा हलवायचं नसतं. परवानगी मागितली की सगळी लाइन पुन्हा तपासायला येतात. तो पाइप गाडीच्या जुन्या मॉडेलचा. पुन्हा तपासत बसण्यापेक्षा ते कामच काढून घेतील, म्हणून कुणी मागत नाही.

गुरुवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला, थेरगावच्या घरून गाडी काढून गेलो. मेंटेनन्सचे भाई एकटेच होते. लाइन बंद असते म्हणून मोठी कामं ते त्याच दिवशी काढतात. मला ते मशीन त्यांनीच शिकवलेलं.

"भाई, आता जुन्यासाठी आमच्याकडून दुरुस्त्या निघणार नाहीत."

"मशीन थांबंल का?"

"नाही. आहे तसं चालेल. पण बिघडलं तर काही करता येणार नाही."

"म्हणजे पेशंट जिवंत, दवाखाना बंद." ते ब्लोअरनं कॉम्प्युटरमधली धूळ उडवत होते. "नोटीस तरी द्यायची राव."

"वर्षभर पानावर लिहिलेलं आहे, जुनं कधीतरी बंद होणार म्हणून."

"कुठल्या पानावर?"

त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. मला हे माहीत होतं.

"तू नाही म्हण की. तुझंच आहे ना ते?"

"मी नाही म्हटलं तर ते दोघं सोडून जातील. एकट्याला नाही झेपत, भाई."

"आणि ही लाइन गेली तर मी कुठं जाऊ? बाकीच्या मशीनच्या दुरुस्तीला बाहेरची पोरं येतात, लॅपटॉप घेऊन." मग ब्लोअर बंद करून म्हणाले, "बस. चहा घे."

चहा घेतला. वर्षभरानं निवृत्त होणाऱ्या कुणाचं तरी बोललो, रस्त्यावरच्या ट्रॅफिकचं बोललो. निघताना त्यांनी माझ्या गाडीची चेन हातानं दाबून पाहिली, ढिली आहे म्हणाले.

घरी येऊन संध्याकाळी होकार लिहिला. एक शब्द. थोड्या वेळानं बदल प्रोग्रॅममध्ये गेला. काढलेल्या ओळी लाल दिसतात. त्यांतल्या बऱ्याच मी त्या मशीनशेजारी उभं राहून लिहिल्या होत्या. वाचत वाचत खाली गेलो. काहीतरी वाटेल म्हणून थांबलो, वाटलं नाही. त्या दोघांपैकी एकानं आभार मानले, मी अंगठा पाठवला. आईनं मेथी निवडायला दिली, ती निवडली.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुरू झाल्यावर भाईंचा फोन आला. "चालू हाय," एवढंच म्हणाले. मी बरं म्हटलं. तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी हा फोन यायला लागला. मी विचारत नाही, ते सांगतात.

या शुक्रवारी जेवायची सुट्टी होऊन गेली तरी आला नाही. मीही लावला नाही. मोबाइल टेबलावर सुलटा ठेवला आणि काम करत राहिलो.