शिमोनमामांची पेन्सिल

नाताळचं नाटक ऐन रंगात आलं होतं. पुठ्ठ्याचे मुकुट घातलेले तीन मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूच्या गोठ्याकडे निघाले, तोच पुढच्या सतरंजीवरून शिमोनमामा उभे राहिले. "थांबा. तीन कावून?" घाटनांदूरच्या ख्रिस्ती मंडळीत मी नवाकोरा पाळक, पहिलाच नाताळ. पडद्यामागून धावत आलो आणि म्हणालो, "अहो मामा, मागी तीनच असतात."

"कुटं लिवलंय? सोनं, ऊद, गंधरस, आशा भेटी तीन लिवल्यात. मानसं किती ते न्हाई लिवलं."

"मग किती घेऊ?"

"लिवलेलंच न्हाई तर मी कसं सांगू?" एवढं बोलून ते शांतपणे खाली बसले. नाटकाचा पार विचका झाला. मंडळी तोंडाला पदर लावून हसत होती आणि माझं डोकं तापलं होतं.

मामा मोजणी खात्यातून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या बांधांवर साखळी ओढण्यात गेला. शिक्षण सातवी, पण पवित्र शास्त्र, म्हणजे आख्खं बायबल, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत किती वेळा वाचलं याची मोजदाद त्यांनाही नव्हती. वंशावळीसुद्धा गाळायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "नुसती नावं वाचून काय मिळतं हो?" तर म्हणाले, "देवाला लिवून घ्यायचा कटाळा न्हाई आला. तुमाला वाचायचा येतोय व्हय?" कपाळ माझं! मामांना जाऊन दोन वर्षं झाली, माझी बदली पाटोद्याला झाली, तरी प्रवचन लिहिताना हा माणूस अजून मला छळतो.

मंडळीच्या पुस्तकांचं लोखंडी कपाट त्यांच्या ताब्यात असायचं. कुठलंही ख्रिस्ती पुस्तक आलं की आधी मामा वाचणार, पेन्सिलीनं खुणा करणार, मगच ते कपाटात जाणार. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी हा नियम कधीचा मंजूर करून ठेवलेला, त्यांचं काय जातंय! मुलांच्या एका पुस्तकात हव्वेच्या हातात सफरचंद होतं. त्यावर मामांनी फुली मारली आणि खाली लिहिलं, 'फळ एवढेच लिहिले आहे.' दुसरं एक जाडजूड पुस्तक तीन महिने त्यांच्याकडे अडकून पडलं. मी वैतागून सांगितलं की लेखक मोठा विद्वान आहे. "आसंल की," मामा म्हणाले. "इद्वान लई हायती. शास्त्र येकच हाय."

त्या नाटकाच्या पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. करुणा. नऊ दिवस जगली.

माझी बायको रूथ त्यानंतर घरात बसली ती बसलीच. उपासनेला येईना, प्रार्थनेला डोळे मिटेना. मंडळीतल्या बायका भेटायला यायच्या, चांगल्या मनानंच यायच्या. "देवाला चांगली फुलंच आवडत्यात गं," म्हणायच्या. "पाळकीणबाईनं असं रडू न्हाई, अविश्वास दिसतो." रूथ भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पुढेपुढे रडायचीही नाही. पाळकाचीच बायको देवळात नाही म्हणून लोक कुजबुजू लागले, पण त्याचं मला सोयरसुतक नव्हतं. ही बाई देवापासून आणि माझ्यापासून कायमची तुटते की काय, या धास्तीनं माझं अन्न गोड लागत नव्हतं.

मग मला जे येतं ते मी केलं. बारा पानांची एक पुस्तिका लिहिली. करुणाच्या स्मरणार्थ ती छापायची, उपासनेत वाचायची, म्हणजे निदान त्या दिवशी तरी रूथ येईल. पण नियम म्हणजे नियम! मसुदा मामांकडे द्यावा लागला. आठ दिवस त्यांनी तो दाबून ठेवला आणि परत आला तेव्हा, देवा रे, कोरी जागा शोधावी लागत होती. 'देवाला आपल्या बागेसाठी ही कळी हवी होती' या ओळीवर आडवी रेघ आणि शेजारी 'असे कोठे लिहिले आहे?' करुणा देवदूत झाली असं मी लिहिलं होतं, तेही खोडलेलं. माणसाचा देवदूत होत नाही म्हणे. आणि जिथं मी विश्वासू आईनं अश्रू आवरावेत असं लिहिलं होतं, तिथं रेघ इतकी दाबून ओढलेली की कागद फाटला होता. खाली: 'योहान अकरा पाहा. मित्र गेला तेव्हा प्रभू स्वतः रडला.'

मी तसाच त्यांच्या घरी गेलो आणि दारातूनच ओरडलो, "माझी लेक गेलीय, मामा! तिच्यावरपण पेन्सिल चालवलीत?"

"लेक खरीखुरी गेली, पाळकसाहेब," मामा म्हणाले. "तिच्या नावानं मनचं कावून लिवायचं?"

"दगड आहात तुम्ही!" मी म्हणालो. कागद घरी आणून रूथच्या खाटेवर भिरकावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून आलो तर खाट रिकामी. रूथही नाही, कागदही नाहीत. शोधत गेलो तर ती मामांच्या ओट्यावर बसलेली, मांडीवर माझा मसुदा. ती विचारत होती, "मामा, हे सगळं तुम्ही खोडलंत ना? मग खरं काय ते सांगा. माझी लेक कुठं आहे? लिहिलंय का कुठं?"

मी ओट्याखालीच थबकलो. हा माणूस आता 'लिवलेलं न्हाई' म्हणणार आणि रूथ पुन्हा कधी माझ्या हाती लागणार नाही. मामांनी आतून शास्त्र आणलं.

"पोरी, तान्ह्या लेकरांचं लई न्हाई लिवलेलं. आट दिस म्या त्येच हुडकत व्हतो. येक जागा घावली. दावीद राजाचं तान्हं गेलं, तवा तो म्हनला, ते काय माघारी यायचं न्हाई, मीच त्याच्याकडं जानार हाय." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "येवढंच हाय बग. पन येवढं पक्कं हाय."

रूथनं ती ओळ त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतली. मग स्वतः वाचली. परतताना वाटेत मला म्हणाली, "तुमची बारा पानं मला गप्प करायला लिहिली होती हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुस्तिका मी छापली नाही.

रविवारी ती उपासनेला आली आणि बायकांच्या बाजूला मागे बसली. मामांचं शास्त्रवाचन चालू होतं आणि मध्येच तिला हुंदका फुटला. मग ती मोठ्यानं रडू लागली, अगदी माती दिली त्या दिवशीही रडली नव्हती इतकं. सगळे मागे वळून बघू लागले. तिला बाहेर न्यावं म्हणून मी घाईघाईनं उठलो. मामांनी शास्त्र मिटलं आणि हातानं मला अडवलं.

"बसा, पाळकसाहेब. रडू द्या तिला. आमाला कुटं जायाचंय?"