क्वायरमधले पुरुष कुठे गेले?

मर्सी टीचरचं नाव आधी लिहितो, माझी फजिती मागून. त्या गिरगावात राहतात आणि चर्चच्या क्वायरला, म्हणजे तिथल्या गाणाऱ्या मंडळींना शिकवतात. त्या नसत्या तर मी आज लालबागच्या दुकानात गाड्यांना स्टिरिओ बसवत नसतो. माझ्या गावी, किनवटला परत गेलो असतो. तिथे आठवीत शाळा सोडलेल्या माझी वाट बघणारं कुठलंच काम नव्हतं.

त्या दिवशी टीचर ड्रायव्हर सीटवर, मी शेजारी, आणि समोर मी बसवलेला सेट. एकट्याने केलेलं माझं पहिलं काम. दुकानाच्या शेठनी सकाळीच बजावलं होतं, "ए किनवट, कंप्लेंट आली तर सरळ गावची गाडी पकडायची."

सेट निवडतानाच टीचरनी शेठना गार केलं होतं. शेठ मोठी टचस्क्रीन पुढे करत होते. "गाडी चालवताना रस्ता बघू की टीव्ही?" असं म्हणून त्यांनी गोल बटणाचा साधा सेट उचलला. मी खूश. साधा सेट, साधं काम.

गाडीतून आलेल्या तारा सेटच्या तारांना जोडायच्या, एवढंच असतं. त्यासाठी रेडीमेड कपलर मिळतो. प्लगमध्ये प्लग, विषय संपला. टीचरच्या जुन्या गाडीचा कपलर दुकानात नव्हता. मग मी मूळ प्लगच कापला, तारेला तार पिळली आणि टेप मारली. हात काय झरझर चालत होते माझे!

टीचरनी आपल्या क्वायरचं रेकॉर्डिंग लावलं. जरा ऐकून म्हणाल्या, "बाबा, माझे पुरुष कुठे गेले?"

मी मागच्या सीटवर बघितलं.

"अरे, जाड आवाजाचे! खालच्या पट्टीत गाणारे!"

मी बेस वाढवला. मग आणखी वाढवला. आरशाला लटकवलेली रोझरीची माळ नाचायला लागली, पुरुष काही आले नाहीत.

"नवा सेट आहे ना टीचर, रुळायला वेळ लागतो," मी ठोकून दिलं.

"सेट आहे की चप्पल?"

काउंटरवरून शेठची हाक आली. "किनवट, काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत टीचरच म्हणाल्या, "काही नाही शेठ, गाणी ऐकतोय." मग हळूच मला, "फक्त डावा स्पीकर लाव."

पुरुष आले.

"आता उजवा."

तेही आले. दोन्ही लावले, पुन्हा गायब.

"एकेकटे नीट गातात, एकत्र आले की भांडतात. माझ्या क्वायरमध्ये असं झालं की मी बघते, कोण उलटं करतंय."

उलटं! माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. स्पीकरला दोन तारा असतात, प्लस आणि मायनस. एका बाजूच्या उलट्या लागल्या, तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि जाड आवाज मधल्यामध्ये मरतो. तपासायचं कसं, तर पेन्सिल सेल तारांना टेकवायचा आणि पडदा कुठे उडी मारतो ते बघायचं. हे मला शिकवलेलं होतं. मला वाटलं होतं, कशाला?

स्पीकरच्या जाळ्या काढल्या, सेल टेकवला. डावा पडदा बाहेर, उजवा आत. उजव्या बाजूच्या तारांची अदलाबदल केली. पुरुष सगळे हजर झाले. एक जरा बेसूर होता.

"तो माझा नवरा," टीचर म्हणाल्या. "त्याच्या तारांना हात लावू नको."

तेवढ्यात शेठ आलेच. "मॅडम, काही कंप्लेंट?"

"आहे ना."

मला समोर किनवटचा एसटी स्टँड दिसला.

"एवढं जीव ओतून काम करतो, त्याला गावाच्या नावाने काय हाक मारता? नाव नाही का त्याला?"

शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे नाव तुझं?"

तेव्हापासून बेस वाढवण्याआधी मी तारा बघतो. पण टीचरच्या गाडीत अजून माझी टेपच आहे, आणि टेप कधी ना कधी सुटते. त्या मॉडेलचा प्लग मी जुन्या सामानाच्या दुकानांत शोधतोय. मिळाला की गिरगावात जाऊन स्वतः बसवून देणार. पेन्सिल सेल खिशात घेऊनच जाईन.