मागचं दार

जळक्या क्लचचा वास आला की हर्सूलकडचा तो चढ आठवतो आणि आजही माझं डोकं तापतं.

चितेगावची कंपनी, कापडदुकान, रिक्षा, सगळं करून मी नुकताच ड्रायव्हिंग शिकवायला लागलो होतो. स्टिअरिंगवर शिकायला आलेल्या एक शाळेच्या बाई होत्या. मागच्या सीटवर त्यांचा नवरा, लक्ष ठेवायला बसलेला. चढावर गाडी बंद पडली तसा तो ओरडला, "भाकरी थापायलीस व्हय? तुला नाय जमायचं!"

बाईंनी घाईघाईनं पुन्हा गाडी सुरू केली. गाडी परत बंद पडली, वास सुटला. मी हँडब्रेक ओढून मागं वळलो.

"साहेब, तुम्हाला येते का गाडी?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणजे येत नव्हती! मी उतरून त्याचं दार उघडलं. "मग उतरा."

तो धुळीत उभा राहिला. मी परत शेजारी बसून बाईंना म्हणालो, "घाबरू नका, ब्रेक माझ्या पायाशीबी हाय." त्यांनी हळूच क्लच सोडला आणि गाडी चढली.

तेव्हा वाटलं, ही नोकरीही गेली. आता वाटतं, खरी लागली ती त्याच चढावर. पण बायकोला शिकायला घेऊन येणारे नवरे अजूनही आधी मागचं दार ओढतात.

ओढू द्या. ते मी लॉकच ठेवतो.