लढाईसाठी स्तुती

बेटेगावची नवसी तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत दोन घरी स्वयंपाक करते. तिची मोनाली लहानपणी फिट येऊन पडायची. भगत झाले, डॉक्टर झाले, मग शेजारच्या पाम गावच्या जयवंतीने त्या मायलेकींना येशूच्या प्रार्थनेला नेलं. फिट थांबल्या. औषधाने की प्रार्थनेने, ते नवसीने कधी ठरवलं नाही, पण तेव्हापासून तिने रविवार चुकवला नाही. मोनाली पुढे नर्सिंग शिकली आणि एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायला इस्रायलला गेली. शास्त्रातल्या, बायबलातल्या देशात आपल्यातली मुलगी! प्रार्थनाघरात लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन हजार पंचवीसच्या जूनमध्ये इराण आणि इस्रायलची लढाई पेटली. त्या रविवारी पास्टर कमलेश बोलायला उभे राहिले. एमआयडीसीत पाळ्या करून शास्त्र शिकलेला सरळ माणूस, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. आज त्यांचा आवाज आनंदाने कापत होता.

"शेवटच्या दिवसांत इस्रायलवर राष्ट्रं उठतील, असं संदेष्ट्यांनी हजारो वर्षांपूर्वी सांगितलं, ते आपल्या डोळ्यांसमोर घडतंय. घाबरू नका. प्रभू येतोय. स्तुती करा!"

सगळ्यांचे हात वर गेले. नवसीचे खांद्यापर्यंत गेले आणि तिथेच राहिले. प्रभूची वाट तीही बघत होती. पण मोनाली?

संध्याकाळी फोन लागला. "आये, भोंगा वाजला की सगळे तळघरात पळतात. मी सांभाळते ती आजी चाकाच्या खुर्चीत. जिन्यानं नेता येत नाय. आमी दोघी बाथरूममध्ये बसतो."

"तू तरी पळ."

"तिला टाकून?"

भोंगा नवसीला ठाऊक होता. कॉलनीत सरावाचा वाजायचा, आणि ती पोळ्या लाटत राहायची.

"आनि आये, आजीचा जन्म इराणचा हाय. टीव्हीवर तिचं जुनं शहर जळताना दिसलं तरी रडते, हितं बॉम्ब पडला तरी रडते."

पुढच्या प्रार्थनेनंतर नवसीने पास्टरांना गाठलं. "पास्टर, मोनालीची म्हातारी जन्मली इराणात, ऱ्हाते इस्रायलात. तिला कुठल्या बाजूची धरायची?"

"मावशी, शास्त्र राष्ट्रांबद्दल बोलतं."

"मग लढाई थांबव म्हनून मागितलं तर पाप लागंल का? देवानं ठरवलेलं मोडल्यासारखं?"

कमलेश म्हणाले, "मागा. पण त्याची योजना कुणाला थांबवता येत नाही."

परतताना तिने जयवंतीलाही विचारलं. जयवंती म्हणाली, "शत्रूवर प्रेम करा म्हनून येशू सांगून गेला, मी तेवढंच धरते. बाकीचं मला कळत नाय."

"पन दोनी एकाच शास्त्रात हाय ना?"

जयवंती भराभर पुढे चालू लागली.

थोड्याच दिवसांत लढाई थांबल्याची बातमी आली. नवसीने बोईसरहून जिलेबी घेतली आणि पुडा घेऊन प्रार्थनेला गेली. पास्टर सांगत होते, "फसू नका. लोक शांतता आली म्हणतील, तेव्हाच मोठं संकट येणार आहे. तेही लिहिलेलं आहे."

पुडा तिच्या मांडीवरच राहिला. लढाई झाली तर स्तुती करायची, आणि थांबली तर घाबरायचं? मग आनंद कधी करायचा? तिला काही सुधरेना. तेवढ्यात पास्टर म्हणाले, "नवसी मावशी, मुलगी वाचली तुमची. आजची प्रार्थना तुम्ही सांगा."

ती उभी राहिली. डोळे मिटले. "प्रभू, तू ये," ती म्हणाली. मग एका दमात पुढचं बोलून गेली. "पन जरा सावकाश ये. त्या आजीला जिना उतरता येत नाय."

आमेन कुणी म्हणेना. पुढे बसलेल्या एका बाईने रागाने मागे वळून पाहिलं. मग जयवंती हळूच "आमेन" म्हणाली.

निघताना कमलेश दारापर्यंत आले. "मावशी, असं मागणं शास्त्रात बसतं की नाही, मला सांगता येत नाही."

"मला तरी कुठं येतंय," नवसी म्हणाली.

ती अजून दर रविवारी जाते. गाण्याला हात वर करते. लढाईचं बोलणं निघालं की पदर सारखा करत बसते. मोनालीचं काम तिथेच चालू आहे. फोनवर नवसी तिला सांगते, "आता घरी ये." आणि मुलगी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणते, "नको, ऱ्हाव दे. त्या म्हातारीला कोन बघंल?"